मर्यादित खर्चात हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर: सोलापूरच्या नवख्या श्रोत्यांसाठी

हेडफोन घ्यायला नवी पेठेत गेले, की दुकानदार पहिले दोन प्रश्न विचारतो: वायरचा हवा की ब्लूटूथचा, आणि किती रुपयांपर्यंत हवा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे देण्यापूर्वी तिसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार असले पाहिजे, आणि तो म्हणजे आपण ऐकणार कोठे. आजवर फोनबरोबर मिळालेल्या इअरफोनवर गाणी ऐकली, आता पाच ते दहा हजार रुपयांच्या आत काही चांगले घ्यावे असे वाटते, आणि सोबत हेडफोनला जादा शक्ती पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायरही घ्यावा लागेल असे कोणीतरी सांगितले आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, कारण पुढच्या पायरीचे उत्तर बहुधा मागच्या पायरीवर ठरते.

पहिली पायरी: ऐकण्याची जागा ठरवणे

माझे घर पूर्व भागात आहे आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी मी पुष्कळ वाचन करून, सर्वांनी वाखाणलेला एक उघड्या पाठीचा हेडफोन घेतला. दिवसा मागांची खटखट त्याच्या जाळीतून थेट कानात येई आणि गायकाच्या आलापापेक्षा धोट्याचा ठेकाच अधिक स्पष्ट ऐकू येई. रात्री माग थांबले की संगीत सुरेख लागे, पण तेच संगीत जाळीतून बाहेर पडून शेजारी झोपलेल्या आईची झोप मोडत असे. सहा महिन्यांनी तो मी निम्म्या किमतीत विकला. हेडफोनमध्ये कसलाही दोष नव्हता. माझ्या घरासाठी ती निवडच चुकीची होती.

उघड्या पाठीच्या, म्हणजे ओपन-बॅक हेडफोनमध्ये ध्वनिपडद्याच्या मागील बाजूस जाळी असते. त्यामुळे आवाज मोकळा आणि ऐसपैस वाटतो, कानाशी हवा खेळती राहते आणि उन्हाळ्यात कान उकडत नाहीत. मात्र बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. बंद पाठीच्या, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये याच्या उलट घडते. तिसरा प्रकार कानाच्या पोकळीत बसणाऱ्या इन-इअरचा. त्याची रबरी टोपी नीट बसली तर तो बाहेरचा आवाज बंद पाठीच्या बहुतेक साध्या हेडफोनपेक्षा अधिक अडवतो, आणि कमी पैशांत त्याच्याइतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

बाहेरचा गोंगाट यंत्राने कमी करणारे हेडफोन, ज्यांना दुकानात एएनसी म्हणतात, ते पंखा, विमान, रेल्वेचा डबा अशा सलग आणि खर्जातल्या आवाजांवर उत्तम चालतात. मागाचा आवाज तुटक, टोकदार आणि वरच्या पट्टीचा असल्यामुळे त्यावर या यंत्रणेचा उपयोग कमी होतो आणि कान प्रत्यक्ष बंद करणारी टोपी किंवा गादीच अधिक कामी येते. साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगर या भागांत राहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला शांत वसाहतीत स्वतंत्र खोली असणाऱ्याने मात्र उघड्या पाठीचा विचार अवश्य करावा. त्या मोकळ्या आवाजाचे सुख निराळेच आहे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि कृत्रिम चामड्याच्या गाद्यांखाली अर्ध्या तासात घाम साचतो. शिवाय घाम आणि उष्णता यांमुळे अशा गाद्यांची वरची पातळ त्वचा काही काळाने पापुद्रे सुटून गळू लागते. मखमलीसारख्या कापडी गाद्या असलेला नमुना मिळाला तर तो पसंत करावा, आणि गाद्या बदलता येतात का, सुट्या मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. घाम टिपण्यासाठी गादीवर कापड चढवायचे झाल्यास ते मलमलीसारखे पातळ असावे. आपल्याकडचा टर्किश टॉवेल कितीही चांगला असला तरी त्याची जाडी गादी आणि कान यांच्यात फट पाडते आणि त्या फटीतून पहिला बळी बासचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा, जातो.

ब्लूटूथविषयी थोडक्यात सांगतो. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला ये-जा करणाऱ्याला वायर नसण्याची सोय मोठी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजणे योग्य आहे. परंतु ब्लूटूथ हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे त्यावर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आणि काही वर्षांत बॅटरी थकली की सारी वस्तूच निरुपयोगी होण्याचा धोका असतो. वायरचा हेडफोन जपून वापरला तर याहून कितीतरी अधिक काळ चालतो. म्हणून यापुढील सर्व विवेचन वायरच्या हेडफोनसंबंधी आहे.

दुसरी पायरी: खोक्यावरचे दोन आकडे वाचणे

खोक्यावर अनेक आकडे छापलेले असतात, पण आपल्या कामाचे दोनच आहेत. पहिला ओहममध्ये दिलेला अवरोध (इम्पीडन्स), आणि दुसरा डेसिबलमध्ये दिलेली संवेदनशीलता (सेन्सिटिव्हिटी). वारंवारतेचा पल्ला, म्हणजे ‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ असा जो आकडा ठळक छापतात, तो सोडून द्यावा. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकतो, वयाबरोबर वरची मर्यादा खाली येते, आणि या पल्ल्याच्या आत आवाज कोठे फुगतो व कोठे दबतो हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

अवरोध जितका जास्त, तितका ठरावीक शक्ती पोहोचवण्यासाठी जास्त व्होल्टेज लागतो. संवेदनशीलता म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज निघतो त्याचे माप. येथे एक खाचखळगा आहे, आणि जाणते लोकही त्यात अडखळतात. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॉटला किती डेसिबल असा देतात, तर काही एका व्होल्टला किती डेसिबल असा देतात, आणि ही दोन मापे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स या हेडफोनचा आकडा मिलिवॉटला ९९ डेसिबल आणि अवरोध ३८ ओहम आहे. सेनहायझरच्या एचडी ६५०चा आकडा व्होल्टला १०३ डेसिबल आणि अवरोध ३०० ओहम आहे. नुसते आकडे पाहिले तर दुसरा अधिक मोठा वाजेल असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याचे माप व्होल्टमध्ये बदलले तर ते सुमारे ११३ डेसिबल भरते. म्हणजे एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले असता एचडी ६५० तब्बल १० डेसिबलांनी हळू वाजतो, आणि १० डेसिबलांचा फरक कानाला जवळपास निम्मा आवाज झाल्यासारखा लागतो.

तिसरी पायरी: अ‍ॅम्प्लिफायर लागतो का, याचा हिशेब

हा हिशेब करण्यासाठी इयत्ता दहावीचे गणित पुरते आणि तो केल्याने हजारो रुपये वाचतात, म्हणून येथे थोडा वेळ थांबणे उचित आहे.

आपण सावकाश ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबल असतो, पण संगीतातल्या क्षणिक उसळ्या, उदाहरणार्थ पखवाजाची थाप, त्याहून वीस-पंचवीस डेसिबल वर जातात. थोडी शिल्लक धरून ११० डेसिबलांची क्षणिक उसळी न फाटता निघाली पाहिजे, असे लक्ष्य ठेवावे. हे लक्ष्य उसळीचे आहे, सलग ऐकण्याचे नाही. आता नियम असा: शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि दहापट केली की १० डेसिबल वाढतात. लागणारी शक्ती वॉटमध्ये घेऊन तिला ओहमने गुणावे आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ काढावे. जे येईल ते लागणारे व्होल्ट.

वर सांगितलेल्या एम५०एक्सला ९९वरून ११०वर जायला ११ डेसिबल हवेत, म्हणजे साधारण १३ मिलिवॉट, आणि ३८ ओहमला त्याचे ०.७ व्होल्ट होतात. फोनच्या टाइप-सी छिद्रात लावून त्यात हेडफोनची पिन घालायचे पुष्कळसे साधे डोंगल सुमारे १ व्होल्ट देतात. अर्थात येथे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज नाही. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो. त्यातील २५० ओहमचा, मिलिवॉटला ९६ डेसिबल देणारा नमुना घेतला तर १४ डेसिबल हवेत, म्हणजे २५ मिलिवॉट, आणि व्होल्ट भरतात अडीच. साध्या डोंगलावर तो वाजेल, चित्रपटगीते पुरेशी मोठीही लागतील, पण जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांत, जेथे मूळ पातळीच खालची असते, तेथे व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही अपुरे वाटेल.

तिसरे उदाहरण नवख्यांना सर्वांत जास्त चकवते. हायफायमॅनचा एचई४००एसई हा प्लॅनर जातीचा, म्हणजे सपाट, पातळ ध्वनिपडद्याचा हेडफोन केवळ २५ ओहमचा आहे, म्हणून तो फोनवर सहज चालेल असे कोणालाही वाटेल. पण त्याची संवेदनशीलता ९१ डेसिबल आहे. १९ डेसिबल वाढवायला सुमारे ८० मिलिवॉट लागतात. व्होल्ट दीडच्या आतच राहतात, पण विद्युतप्रवाह ५५ मिलिअँपिअरच्या वर जातो आणि तो पुरवताना छोट्या डोंगलची दमछाक होते. म्हणून ओहमचा आकडा एकटा वाचू नये. दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत.

चौथी पायरी: पैशांची वाटणी

आवाजाचा स्वभाव हेडफोन ठरवतो. दोन हेडफोनांतला फरक पहिल्या मिनिटात कळतो. दोन नीट बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांतला फरक, आवाजाची पातळी सारखी ठेवली तर, अनुभवी कानालाही सांगणे कठीण जाते. त्यामुळे तीन हजारांपर्यंतची रक्कम असेल तर ती सारी एका चांगल्या इन-इअरवर किंवा साध्या बंद पाठीच्या हेडफोनवर खर्च करावी. सहा हजार असतील तर साडेचार ते पाच हजार हेडफोनला आणि उरलेले डोंगलला. दहा हजारांच्या घरात गेल्यावरच, आणि तेही वरचा हिशेब तसे सांगत असेल तर, अडीच-तीन हजारांचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याला अर्थ आहे. हलका हेडफोन भारी अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्याने त्याचा दोष झाकला जात नाही, उलट तो अधिक मोठ्याने ऐकू येतो.

पाचवी पायरी: अ‍ॅम्प्लिफायर पारखणे

अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात शक्तीचा आकडा किती ओहमला दिला आहे ते पाहावे. ‘१०० मिलिवॉट’ एवढेच लिहिले असेल तर ते बहुधा ३२ ओहमचे असते, आणि त्याच यंत्रातून ३०० ओहमच्या हेडफोनला फार कमी शक्ती मिळते. दुसरे म्हणजे त्याचा निर्गम अवरोध (आउटपुट इम्पीडन्स), म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध. तो हेडफोनच्या अवरोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा त्याखाली. हेडफोनचा अवरोध प्रत्येक सुराला सारखा नसतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध मोठा असला तर काही सूर फुगतात आणि काही दबतात. तिसरे, कमी-जास्त गेनचा, म्हणजे आवाज किती पटींनी वाढवायचा ते ठरवणारा, खटका असल्यास उत्तम, कारण संवेदनशील इन-इअरवर जास्त गेन ठेवला की शांत जागी ‘स्स्’ असा आवाज ऐकू येतो.

‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ असे जे खोक्यावर मिरवतात त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे माप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ आहे आणि ऐकण्यासाठी ते आजही पुरेसे आहे.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत शंभर-दोनशे रुपयांत पीएएम८४०३सारख्या चिपचे छोटे स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर मिळतात, आणि हौशी मुले त्यांना हेडफोनचे जॅक जोडतात. या चिपच्या दोन्ही स्पीकरांच्या दोन्ही तारांवर वीज असते; त्यांतली कोणतीही तार जमिनीची नसते. हेडफोनच्या जॅकमध्ये मात्र डाव्या-उजव्या बाजूंची एक तार सामाईक असते. दोन्ही जोडले की शॉर्ट होते आणि चिप जळते, क्वचित हेडफोनही. गणपतीच्या मंडपाला वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर कितीही जोरदार असला तरी तोही हेडफोनला लावू नये. नाजूक ध्वनिपडद्याला ती शक्ती झेपत नाही.

सहावी पायरी: दुकानात ऐकून पाहणे

दुकानात जाताना स्वतःचा फोन, स्वतःचा डोंगल आणि आपल्याला पाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे घेऊन जावे. दुकानदार जे गाणे लावून दाखवतो ते त्या हेडफोनवर छान वाजते म्हणूनच निवडलेले असते. एक तबल्याचे घ्यावे: डग्ग्याची घिस स्पष्ट वळण घेते की नुसती घूम ऐकू येते, आणि चाटीचा ‘ना’ कानाला टोचतो का, हे पाहावे. एक तानपुऱ्याचे घ्यावे, कारण जवारीतून निघणारी वरच्या स्वरांची झिलई हा मधल्या आणि वरच्या पट्टीचा फार कसोशीचा कस आहे; ती झिलई मळकट वाटली तर हेडफोनचा वरचा भाग दबलेला आहे असे समजावे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने अभंगाचे ध्वनिमुद्रण कोणाकडेही असतेच. त्यातले टाळ ऐकावेत: प्रत्येक टाळाचा ठोका वेगळा उमटला पाहिजे; सगळे मिळून एकच कर्कश पडदा झाला तर तो हेडफोन तासभर ऐकवणार नाही. चौथे ध्वनिमुद्रण निव्वळ बोलण्याचे, आकाशवाणीवरच्या एखाद्या भाषणासारखे. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून माहीत असते, त्यामुळे तो पिंपातून आल्यासारखा किंवा नाकातून आल्यासारखा वाटला की दोष लगेच पकडता येतो.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा मोठा करून घ्यावा. जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटणे हा कानाचा स्वभाव आहे, आणि त्यामुळे पुष्कळांची निवड चुकते. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्मा घालूनच ऐकावे, कारण काडीमुळे गादीखाली फट पडते. निदान पंधरा मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा. कानाच्या पाळीला किंवा टाळूला जेथे आता किंचित दाब जाणवतो, तेथे दोन तासांनी दुखणार हे नक्की समजावे. ‘शंभर तास वाजवला की आवाज उघडेल’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून, आज न आवडलेला हेडफोन घरी आणू नये.

खरेदी दुकानातून असो वा ऑनलाइन, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, वॉरंटी किती आहे आणि दुरुस्तीसाठी वस्तू कोठे पाठवावी लागते ते विचारावे. नामांकित हेडफोनच्या नकला पुष्कळ येतात, म्हणून अविश्वसनीय वाटावी इतकी कमी किंमत दिसल्यास मोह टाळावा. केबल सुटी होणारी असेल तर तो मोठा गुण मानावा, कारण वायरचा हेडफोन बहुधा पिनेपाशीच तुटतो आणि सुटी केबल घरच्या घरी बदलता येते.

सातवी पायरी: घरी आल्यावर

लॅपटॉपला अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर ‘हम्म्’ असा आवाज आला तर लगेच वस्तू परत करू नये. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येणाऱ्या विजेचा आहे. पेठांतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसते किंवा असूनही तुटलेले असते, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडात खुपसलेला असतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्यास हा त्रास बहुधा जातो आणि घरही सुरक्षित होते. वीज वारंवार जाणाऱ्या भागात यूएसबीवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायरच सोयीचा पडतो.

आवाजात बास जास्त किंवा वरची पट्टी टोचरी वाटली, तर नवा अ‍ॅम्प्लिफायर शोधण्यापूर्वी इक्वलायझर, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणारे साधन, वापरावा. विंडोजसाठी ‘इक्वलायझर एपीओ’ आणि अँड्रॉइडसाठी ‘वेव्हलेट’ ही साधने मोफत मिळतात. एखादी पट्टी वाढवायची असेल तर एकूण पातळी तेवढ्याच डेसिबलांनी खाली घ्यावी, अन्यथा आवाज फाटतो. शक्यतो जे जास्त आहे ते कमी करावे. तीन-चार डेसिबलांच्या फेरफारात हेडफोनचे रूप किती पालटते हे एकदा करून पाहण्यासारखे आहे.

शेवटचे काम व्हॉल्यूमची खूण करण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबलांचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकता येतो, पण ९० डेसिबलांना ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. दिवसा माग चालू असताना आपण नकळत व्हॉल्यूम वाढवत राहतो, कारण संगीताला त्या खटखटीच्या वर यावे लागते. म्हणून रात्री सारे शांत झाल्यावर हेडफोन घालावा, व्हॉल्यूम अगदी तळाशी न्यावा, आणि गाण्याचे शब्द विनासायास कळू लागतील तेथपर्यंतच सावकाश वाढवावा. त्या जागी अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका लावावा, किंवा फोनवर किती पायऱ्या झाल्या ते लिहून ठेवावे. दिवसा त्या खुणेच्या फार पुढे जावे लागत असेल तर व्हॉल्यूम न वाढवता इन-इअरची रबरी टोपी एक माप मोठी लावून पाहावी, किंवा फोमची घ्यावी. तीही पुरत नसेल तर ते गाणे रात्रीसाठी ठेवावे.